दुष्काळातील धान्याचे माप : पिशोर परिसराचा पूर्ववृत्तान्त

औट्रम घाटाने खानदेशातून वर चढून आलेल्या प्रवाशाला प्रथम कन्नड लागते. तेथून पूर्वेकडे वळून काही कोस गेले की सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिण अंगास, अंजना नदीच्या आश्रयाने वसलेले पिशोर हे मोठे बाजाराचे गाव येते. आज या परिसरात आले, मका, कापूस यांची शेते डोळ्यांत भरतात. परंतु विहिरींच्या आणि तलावांच्या पाण्यावर उभी राहिलेली ही हिरवाई अलीकडची आहे. या मुलखाचा मूळ स्वभाव जिरायती : डोंगराकडची हलकी मुरमाड जमीन, नदीकाठच्या काळ्या जमिनीचे अरुंद पट्टे, बाजरी आणि ज्वारी ही मुख्य पिके, आणि मृगापासून हस्तापर्यंतच्या पावसावर टांगलेले सारे वर्ष. अशा गावाचा इतिहास लिहावयाचा तर तो राजांच्या स्वाऱ्यांवरून न लिहिता दुष्काळांवरून लिहिला पाहिजे. कारण स्वारी आली आणि गेली, दुष्काळ मात्र दर पिढीला एकदा तरी घराच्या उंबऱ्यात येऊन बसला.

दुष्काळ म्हटला की कोरडे आभाळ आणि भेगाळलेली जमीन आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते, आणि उपासमारीचा सगळा दोष पर्जन्याच्या माथी मारून आपण मोकळे होतो. परंतु दख्खनच्या दुष्काळांची हकीकत जरा खोलात जाऊन पाहिली म्हणजे ध्यानात येते की, ज्या साली माणसे अन्नावाचून मेली त्या सालीही बहुधा कोणाच्या तरी पेवात, कोणाच्या तरी कोठारात किंवा घाटापलीकडच्या एखाद्या पेठेत धान्य होतेच. ते भुकेल्याच्या पदरात कोणाच्या हातून, कोणत्या मापाने आणि कोणत्या यादीवरून पडावे, हा प्रश्न तेवढा सुटलेला नव्हता. मदत करण्याची इच्छा राज्यकर्त्यांना आणि धनिकांना पुष्कळदा झाली. ती न्याय्य रीतीने वाटावी कशी, याचे ज्ञान मात्र असंख्य मृत्यूंची किंमत देऊन, फार सावकाश पदरात पडले. पिशोर आणि भोवतालचा कन्नड तालुका यांच्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. कारण हा टापू नेहमीच सत्तेच्या सीमेवर, सडकेच्या शेवटी आणि डोंगराच्या कडेला राहिला, आणि वाटपातील अन्याय प्रथम अशाच ठिकाणी उघडा पडतो.

महाराष्ट्राच्या स्मृतीत दुष्काळी वाटपाची पहिली मोठी कथा आहे ती मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. बहामनी अमलात बेदरच्या बादशाहाची कोठारे ज्यांच्या ताब्यात होती त्या या अधिकाऱ्याने हुकमाची वाट न पाहता ती उपाशी रयतेसाठी खुली केली, आणि त्यामुळे बादशाहाचा रोष ओढवला तेव्हा विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष विठ्ठलाने दरबारात जाऊन धान्याची किंमत भरली, असे संतचरित्रकार सांगतात. या कथेतील भक्तीचा भाग कीर्तनकारांनी शतकानुशतके गायिला, आणि तो गाण्यासारखाच आहे. परंतु कारभाराच्या दृष्टीने तिच्यात जे साठवले आहे तेही कमी महत्त्वाचे नाही. धान्य सरकारचे, कुलूप सरकारचे आणि दाराशी माणसे मरणोन्मुख, अशा प्रसंगी सगळा निर्णय एका अंमलदाराच्या अंतःकरणावर येऊन ठेपला. जेथे दामाजी होता तेथील रयत तरली. जेथे तो नव्हता तेथे काय घडले याची कथा कोणी रचली नाही. चांगल्या माणसावर विसंबलेली मदत ही चांगली असूनही न्याय्य नसते, कारण तिच्यात मागणाऱ्याला हक्क नसतो, फक्त आशा असते.

पुढे १६३० ते १६३२ या वर्षांत गुजरात आणि दख्खन यांवर जो भयंकर दुष्काळ कोसळला त्या वेळी शाहजहान बादशाह दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरास मुक्काम करून होता. अब्दुल हमीद लाहोरी याने आपल्या बादशाहनाम्यात या दुष्काळाचे जे वर्णन केले आहे ते वाचवत नाही. बादशाहाने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर म्हणजे अन्नछत्रे उघडली, बुऱ्हाणपुरास दर सोमवारी ५,००० रुपये याप्रमाणे वीस आठवड्यांत १ लाख रुपये वाटले, अहमदाबादेस आणखी ५०,००० दिले, आणि खालसा मुलखातील सुमारे ७० लाखांचा सारा माफ केला. त्या काळाच्या मानाने ही मदत लहान नव्हती. परंतु ती ज्या रीतीने पोहोचावयाची ती रीत पाहा. लंगर शहरात, तेव्हा कन्नडच्या डोंगरातील उपाशी माणसाने घाट उतरून, सारा खानदेश तुडवून तापीच्या काठी जावे तेव्हा त्याला घास मिळणार, आणि ज्याच्या पायांत तेवढे बळ उरले असेल तोच जाणार. साऱ्याची सूट ज्याच्या नावे जमीन त्याला. जो दुसऱ्याच्या शेतावर राबतो, जो बलुत्यावर जगतो, त्याच्या नावे दफ्तरात साराच नाही, तर सूट कशाची मिळावी? मदतीला लागणारी ही दोन गाळणी, एक अंतराचे आणि दुसरे दफ्तरातील नावाचे, पुढील तीनशे वर्षे जशीच्या तशी राहिली.

या टापूत सरकारी मदतीचा एक निराळा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला, आणि त्याची आठवण आज फारशी कोणास नाही. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या हाती आला तेव्हा सातमाळ्यातील भिल्ल त्यांना सहजासहजी वश होईनात. फौजा पाठवून, माणसे पकडून काम भागेना, तेव्हा १८२५ मध्ये तीन भिल्ल एजन्सी स्थापण्यात आल्या, त्यांपैकी दक्षिणेकडील एजन्सीचे ठाणे कन्नडला होते. भिल्लांना जुन्या गुन्ह्यांची माफी द्यावी, पडीक जमीन लावून द्यावी, बी-बियाण्यासाठी आणि बैलांसाठी तगाई द्यावी आणि अशा रीतीने त्यांना शेतीवर स्थिर करावे, असा त्या योजनेचा आशय होता. तिच्या मुळाशी राजकीय धोरण होते, शुद्ध करुणा नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तरीही एक गोष्ट तिच्यात विचार करण्याजोगी होती. मदत घेणाऱ्याने कोठल्या तरी दूरच्या कचेरीत यावे अशी अपेक्षा न ठेवता कचेरीच डोंगराच्या पायथ्याशी येऊन बसली, आणि ज्यांचे नाव कोणत्याही गावाच्या दफ्तरात नव्हते त्यांची नावे तिने लिहून घेतली. पुढे एजन्सी मोडली, डोंगरातील भिल्ल, ठाकर आणि तांड्यांवरचे बंजारे पुन्हा गावाच्या यादीबाहेर राहिले, ही गोष्ट दुर्दैवाची खरी, पण प्रयोगाचे मोल तेवढ्याने कमी होत नाही.

आधुनिक काळातील दुष्काळनिवारणाचे शास्त्र जन्मास आले ते १८७६ ते १८७८ च्या दुष्काळातून. या दुष्काळाचा मुख्य घाला पुणे, सोलापूर, नगर, कलादगी या जिल्ह्यांवर आणि निजामाच्या राज्याच्या दक्षिण भागावर पडला. कन्नडचा टापू त्याच्या कडेला होता. तरीही त्यात जे घडले त्याचा परिणाम पुढे साऱ्या देशावर झाला, म्हणून ते येथे सांगितले पाहिजे. सरकारने दुष्काळी कामे काढली. परंतु खर्च वाढतो हे पाहून हिंदुस्थान सरकारने पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी पुरुष मजुरास दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा अशी मजुरी बसवली. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाचा जीव एक पौंड धान्यावर तगेल काय, यावर डॉक्टरांचे आणि अधिकाऱ्यांचे वाद झाले. मजुरांनी मात्र वाद न घालता काम सोडले. गावाजवळची कामे बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर हलवावे असाही हुकूम निघाला होता, आणि या दोन्ही गोष्टींना कंटाळून मुंबई इलाख्यात एक लाखाच्या आसपास माणसे कामांवरून निघून गेली. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत गोळा करून ती सरकारपुढे मांडली. सरकारी अहवालात जो केवळ आकडा होता त्याला गाव, जात, पोटाचे माप आणि चालण्याचे अंतर जोडून दाखवणे, हे काम सभेने केले. दुष्काळी वाटपावर लोकांच्या बाजूने ठेवलेली अशी संघटित नजर आपल्याकडे त्यापूर्वी क्वचितच दिसते.

त्याच वर्षी जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला, आणि सावित्रीबाईंनी एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातील दुष्काळाची आणि सत्यशोधकांच्या कामाची वार्ता कळवली. आश्रमाचे वैशिष्ट्य असे की तेथे तयार अन्न, ठरलेल्या वेळी, मुलाच्या तोंडी घातले जात होते. धान्य घरी दिले तर घरातील बलवान आधी जेवतो, सावकाराचा माणूस वाटेत उभा असतो, आणि मूल शेवटी राहते, याची जाणीव या व्यवस्थेच्या मुळाशी असली पाहिजे. सरकारच्या मजुरीचे माप कर्त्या माणसावर बसवलेले होते. जोतीरावांचे माप मुलावर बसवलेले होते. न्यायाच्या दृष्टीने हा भेद मला फार मोठा वाटतो.

१८८० च्या स्ट्रेची आयोगाच्या अहवालानंतर दुष्काळाचे कायदे, म्हणजे फॅमिन कोड, तयार झाले, आणि वाटपाची एक रीतसर घडी बसली. अंगमेहनत करू शकणाऱ्याने कामावर यावे, आणि जो म्हातारा, आंधळा, पांगळा, अथवा जी पडदानशीन स्त्री घराबाहेर पडू शकत नाही, त्यांना गावातच खैरात मिळावी, असा तिचा सारांश. ही खैरातीची यादी गावच्या पाटील-कुलकर्ण्यांनी करावी आणि वरच्या अंमलदाराने ती गावात येऊन तपासावी, असा नियम होता. नियम शहाणपणाचा, परंतु यादी ज्याच्या लेखणीत, गाव त्याच्या मुठीत, हे ज्याने खेडे पाहिले आहे त्याला सांगावयास नको. पाटलाशी वैर असलेल्या घरातील विधवा, गावकुसाबाहेरचा महार-मांगवाडा, दोन कोसांवरचा तांडा, यांच्यापर्यंत लेखणी पोहोचेलच अशी खात्री कोणता नियम देणार? वरचा अंमलदार घोड्यावरून येई, चावडीवर बसे, यादी वाची, आणि ज्यांची नावे यादीत आहेत त्यांनाच समोर बोलावी; ज्यांची नावे नाहीत त्यांना चावडीवर कोण बोलावणार?

१८९९-१९०० चा दुष्काळ या टापूवर थेट येऊन आदळला. खानदेश, औरंगाबाद, गुजरात सगळीकडे पावसाने दगा दिला, पाठोपाठ पटकी आणि ताप आले, गुरे तर चाऱ्याअभावी आधीच गेली होती. १८९१ च्या शिरगणतीत औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या वर होती. १९०१ मध्ये ती सव्वासात लाखांच्या आत आली. वाढ होणे राहिले बाजूलाच, जिल्ह्यातील आठ माणसांमागे एक माणूस दहा वर्षांत नाहीसे झाले; काही मेले, काही परागंदा झाले. याच सुमारास मनमाडहून औरंगाबादेकडे गोदावरी खोऱ्याची आगगाडी सुरू झाली, आणि घाटाखाली चाळीसगावचे स्टेशन तर कित्येक वर्षे आधीपासून चालू होते. म्हणजे धान्य आणण्याचे साधन होते. परंतु आगगाडीचे धान्य स्टेशनावर उतरते आणि तेथून पुढे बैलगाडीने जाते, आणि ज्या साली बैलच मेलेले असतात त्या साली स्टेशनापासून पिशोरपर्यंतचा रस्ता हा मुंबईपासून स्टेशनापर्यंतच्या रस्त्याहून लांब होतो.

कन्नड तालुक्याची आणखी एक अडचण होती. घाटाच्या वर निजामाचा अंमल, घाटाखाली इंग्रजांचा. वर तालुकदार, तहसीलदार, पटेल-पटवारी, खाली कलेक्टर, मामलेदार, पाटील-कुलकर्णी. वरचे कायदे निराळे, खालची मजुरी निराळी. उपाशी माणूस सरहद्द ओळखत नाही. तो काम जिकडे निघाले तिकडे जातो. संस्थानी मुलखातून खालसा मुलखातील कामांवर येणाऱ्या लोकांना कामावर घ्यावे की परत पाठवावे, हा प्रश्न त्या दुष्काळात इंग्रज अधिकाऱ्यांना पडला होता. मदतीच्या हक्काचे मोजमाप भुकेवर न ठरता माणूस कोणाचा रयत यावर ठरावे, ही गोष्ट आज आपल्याला खटकते. परंतु आजही ऊसतोडीस किंवा शहरात मजुरीस गेलेल्या कुटुंबाला परमुलखात शिधापत्रिकेवर धान्य मिळताना ज्या अडचणी येतात त्या पाहता, तो प्रश्न पूर्णपणे मिटला असे म्हणवत नाही.

निजामी अमलाच्या अखेरीस, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, धान्याची लेव्ही आली. शेतकऱ्याकडून ठरावीक धान्य सक्तीने घ्यावयाचे आणि ते रेशनातून वाटावयाचे, ही कल्पना मुळात न्यायाचीच. पण कोणाच्या खळ्यावर किती पिकले याचा अंदाज पुन्हा त्याच पटवाऱ्याच्या वहीत, आणि मोठ्या जमीनदाराच्या खळ्यापाशी ती वही मऊ होई, लहान कुळाच्या खळ्यापाशी कडक. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला; दफ्तराची उर्दू गेली, मराठी आली.

या सगळ्या पूर्वइतिहासाची कसोटी १९७२ मध्ये लागली. १९७० पासून पाऊस हात आखडता घेत होता, १९७२ मध्ये तो जवळजवळ आलाच नाही. मराठवाड्यातील ज्यांनी ते वर्ष पाहिले ते आजही आपल्या लग्नाचे, मुलांच्या जन्माचे साल ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या अलीकडे’ अथवा ‘पलीकडे’ असेच सांगतात, आणि तांबड्या मिलोची भाकरी व कामावर मिळणारी सुकडी यांची नावे त्यांच्या तोंडी ताजी असतात. मिलो ही परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटे, चवीला उग्र लागे, परंतु तिने जीव तगवले, म्हणून तिला नावे ठेवणारेही तिच्याविषयी कृतज्ञतेने बोलतात. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने दुष्काळी कामांचा असा विस्तार केला की, मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे कामावर होती. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. म्हणजे तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सारे धरले तरी दहा माणसांमागे एक माणूस त्या महिन्यात पाझर तलावाच्या, नालाबंडिंगच्या, सडकेच्या किंवा खडीच्या कामावर होता. १८९९ सारखा मृत्यूचा पूर या वेळी आला नाही. हे सरकारचे, कामगार संघटनांचे, विरोधी पक्षांनी काढलेल्या मोर्च्यांचे आणि सर्वांत अधिक त्या ५० लाख माणसांच्या कष्टांचे यश होते.

परंतु वाटप न्याय्य झाले की नाही याचा निकाल मंत्रालयात लागत नसतो, तो कामाच्या जागेवर लागतो, म्हणून ती जागा जरा जवळून पाहावी. सकाळी मस्टर कारकून हजेरी मांडतो. माणसे टोळ्या करून कामाला लागतात. एका टोळीत दहा-पंधरा माणसे, टिकाव मारणारे पुरुष, घमेली वाहणाऱ्या बायका. संध्याकाळी मिस्त्री टेप घेऊन येतो आणि खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजतो. खोली कळावी म्हणून खड्ड्याच्या मधोमध न खणता राखलेला मातीचा एक खांब उभा असतो, त्याच्या माथ्यापासून तळापर्यंत टेप सोडला की दिवसाची मजुरी ठरते. खडीच्या कामावर हेच मोजमाप ब्रासमध्ये. आता यात अन्याय कोठे शिरतो ते पाहा. मऊ माती कोणाच्या वाट्याला आणि कठीण मुरूम कोणाच्या वाट्याला, हे मुकादम ठरवतो. मजुरी टोळीत वाटली जाते, म्हणून धट्टीकट्टी माणसे आपली टोळी आपसांत जमवतात, आणि लेकुरवाळी विधवा, वृद्ध, आजारातून उठलेला, यांना कोणी टोळीत घेत नाही. सरकारचा नियम त्यांना काम देतो, शेजाऱ्याचा हिशेब त्यांना बाहेर ठेवतो. मस्टरवर कधी बाईच्या कष्टाचे पैसे नवऱ्याच्या अंगठ्यावर जातात, कधी न आलेल्या माणसाचे नाव भरले जाते. पगाराला उशीर झाला की वाण्याची उधारी वाढते, आणि मजुरी हाती येण्याच्या आधीच ती खर्च झालेली असते. तो मातीचा खांब खोटे बोलत नाही. खोटे शिरते ते खांब आणि मस्टर यांच्यामधल्या दहा पावलांत.

अन्नाहून पाण्याचे वाटप अधिक कठीण ठरले. विहिरी आटल्या तेव्हा उरलेल्या पाण्याभोवती जातीची भिंत अधिकच घट्ट झाली. मे १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे विहिरीवर पाण्यासाठी आलेल्या बौद्ध स्त्रियांची जी विटंबना झाली तिने सारा महाराष्ट्र हादरला. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तिच्यामागील संतापाच्या कारणांत ही घटना होती. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम याच काळात उभी केली, आणि गावोगाव फिरून कोणत्या विहिरीवर कोणाला दोर टाकू देतात याची पाहणी केली. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तोवर पंचेचाळीस वर्षे झाली होती. सरकारने टँकर पाठवला, टँकरने पाणी विहिरीत ओतले, आणि त्या विहिरीवर जाण्याचा हक्क ज्याला नाही त्याच्यापर्यंत सरकार पोहोचलेच नाही. सरकारी कागदावर मात्र त्या गावास पाणीपुरवठा झाला अशी नोंद पडली. गावाला दिले म्हणजे गावातील प्रत्येकाला मिळाले, हा समज मदत वाटणाऱ्यांच्या मनातून आजही गेलेला नाही, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत घातक समज हाच.

बहात्तरच्या अनुभवातून महाराष्ट्राने जी गोष्ट घडवली ती मात्र जगाने पाहण्यासारखी होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात ज्या कल्पनेचा प्रयोग आरंभला होता तिच्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, तेही मागणी केल्यापासून पंधरा दिवसांच्या आत. काम शक्यतो गावापासून पाच किलोमीटरच्या आत. न दिल्यास बेकारभत्ता. स्त्री-पुरुषांस एकाच दराने मजुरी. अशी तिची मुख्य कलमे. १८७७ मध्ये ज्या दूरच्या कामांवर जाण्यास नकार देऊन एक लाख माणसे निघून गेली होती, त्यांच्या नकाराला शंभर वर्षांनी कायद्याने होकार दिला. पैसा उभा करण्याची रीतही न्यायाची होती : १९७५ मध्ये व्यवसायकर बसवून शहरातील नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून तो वसूल करण्यात आला, आणि मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातून कन्नडच्या डोंगरातील पाझर तलावाचा एक घमेलाभर खर्च निघू लागला. दामाजीच्या दाराशी जो हात पसरलेला होता तो आता अर्ज लिहू लागला, आणि अर्जाला उत्तर देणे अंमलदारावर बंधनकारक झाले. मस्टरवरील लबाड्या पुढेही झाल्या, पगार पुढेही थकले, जे काम करू शकत नाहीत त्यांच्यासाठी १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना काढावी लागली. पण हक्काचा पाया एकदा घातला गेला, आणि २००५ मध्ये केंद्र सरकारने देशासाठी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा कायदा त्याच्यापुढे नमुन्यादाखल होता.

या काळातील आणखी एका प्रयोगाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम असा की पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावे : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस घ्यावयाचा नाही, आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ज्याच्याकडे जमीन अधिक त्याला मदत अधिक, हा शाहजहानच्या सारासुटीपासून आजच्या नुकसानभरपाईपर्यंत चालत आलेला क्रम या एका नियमाने उलटा केला. असे नियम सर्वत्र लागू झाले नाहीत याचे कारण ते अशक्य होते हे नव्हे; ज्यांच्या हाती विहीर आणि सोसायटी दोन्ही आहेत त्यांना ते परवडणारे नव्हते, हे आहे.

आज दुष्काळ आणि अतिवृष्टी ही दोन्ही संकटे मराठवाड्यावर पाळीपाळीने येतात. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावर गावाचे नशीब पुष्कळ वर्षे ठरत आले, तलाठी पंचनामा करतो, भरपाई थेट बँकेच्या खात्यात जमा होते, टँकरवर देखरेखीची यंत्रे बसतात. यांतील प्रत्येक सुधारणेने मधल्या माणसाचा एकेक हात दूर केला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तरी सातबारावर ज्याचे नाव नाही, जो बटाईने शेत करतो, ज्या बाईच्या नवऱ्याच्या नावावर जमीन आहे आणि नवरा हयात नाही, ज्याच्या अंगठ्याची रेघ कष्टाने झिजली म्हणून यंत्र त्याला ओळखत नाही, त्यांची तक्रार पूर्वीच्याच चावडीवरची आहे.

म्हणून पिशोर, कन्नड आणि भोवतालच्या गावांतील वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. १९७२ मध्ये जे विशीत होते ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत, आणि त्या वर्षाचे दफ्तर सरकारी अहवालांत जेवढे आहे त्याहून अधिक त्यांच्या स्मरणात आहे. आपल्या गावचा पाझर तलाव कोणत्या महिन्यात सुरू झाला, त्यावर कोणत्या वाडीची आणि कोणत्या तांड्याची माणसे होती, मजुरी कोणाला मिळाली आणि कोणाची राहिली, पाणी कोणत्या विहिरीवरून कोणी भरले, हे त्यांना विचारून लिहून ठेवावे. जुनी मस्टरे, शिधापत्रिका, जॉबकार्डे ट्रंकेत असतील तर ती रद्दीत न घालता गावच्या वाचनालयात किंवा शाळेत जमा करावीत. आणि लिहिताना पाटलाच्या वाड्याइतकेच गावकुसाबाहेरच्या वस्तीतही बसावे, स्त्रियांना आवर्जून विचारावे. पुढच्या वेळी मदतीची यादी ग्रामसभेत वाचली जाईल तेव्हा कोणाचे नाव राहिले हे सांगणारी वही गावाच्या हाती असली पाहिजे.